टोपीदार बंदुकीला पाणी

मुलाने आधी लग्न ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. या क्रमाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मुलगी त्याच्याच ऑफिसात काम करणारी, हुशार, मोजकं बोलणारी. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि बायकोच्या लेखी विषय तिथेच संपला. मला धक्के बसायला सुरुवात झाली ती तिच्या वडिलांच्या दिवाणखान्यात.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. औषध संशोधनाच्या नोकरीपायी लखनौला आलो आणि जानकीपुरमात घर बांधून राहिलो. आयुष्यभर रसायनं हाताळली की एक खोड लागते. कुठलीही वस्तू समोर आली, की ही कशात विरघळेल, हा विचार आधी मनात येतो. माणसांच्या बाबतीत तो बोलून दाखवता येत नाही, एवढंच.

मुलीचं घर मलिहाबादला, आंब्याच्या बागेच्या तोंडाशी. घराला सगळे कोठी म्हणतात. दिवाणखान्यात काळविटाची शिंगं, कित्येक वर्षं बंद असलेलं लोलकाचं घड्याळ आणि भिंतभर पूर्वज. प्रत्येक पूर्वजाचा एक हात तलवारीच्या मुठीवर आणि नजर फोटोग्राफरवर, संशयाची. हे घराणं आंबे विकून मोठं झालं, पण एकाही तसबिरीत कुणाच्या हातात आंबा नव्हता.

मुलीचे वडील उंच, गोरे, मिशांना पीळ दिलेले. लग्न लागायचं होतं, तरी मी त्यांना आतापासूनच व्याही म्हणतो. त्यांनी मला हाताला धरून दाराजवळ नेलं आणि वर बोट दाखवलं. दाराच्या चौकटीवर एक लांबलचक बंदूक आडवी टांगलेली होती. तिच्या दस्त्यावर कुंकवाचं वाळलेलं बोट होतं.

"टोपीदार है, डॉक्टर साहब. हमारे परदादा की. रायफल है, नली में पेच कटे हुए हैं. लायसन्स भी है, सब कायदे से."

ठासणीची बंदूक मी आधी संग्रहालयातच पाहिली होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत किंवा कातड्यात गुंडाळलेली गोळी, मग गजाने ते सगळं तळाशी ठासायचं. मागच्या बाजूला एक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोंडीतून आत उतरते आणि दारू पेटते. एकदा उडवली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. या संथपणाबद्दल माझं मत चांगलंच होतं. घाईघाईने माणूस मारता येऊ नये, अशी ती रचना आहे.

"अब चलाता कौन है," व्याही म्हणाले. "साल में एक बार दशहरे पर पूजा, और घर की शादी में दामाद की सलामी."

"सलामी म्हणजे?" बायकोने मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं, म्हणून तिने तोच प्रश्न हिंदीत त्यांना विचारला.

व्याह्यांनी सांगितलं ते असं. वरात दारात आली की बँड थांबतो. नवरदेव कमानीखाली उभा राहतो. मुलीचा बाप समोरून ही बंदूक नवरदेवाच्या छातीवर रोखतो आणि चाप ओढतो. टोपी वाजते. नवरदेवाची पापणी लवली नाही तर तो घरात यायच्या लायकीचा. मग ओवाळणी, तिलक, गळाभेट, बँड पुन्हा सुरू.

मला वाटलं, माझं हिंदी इतक्या वर्षांनीही कच्चं आहे.

"दूल्हे पे?" बायको म्हणाली. "बंदूक?"

"खाली बंदूक, बहनजी! सिर्फ टोपी. पटाखा समझ लीजिए."

मी म्हटलं, लग्नात गोळीबार करायला बंदी आहे, रोज पेपरात येतं.

"फायरिंग कहाँ है, साहब? फायरिंग तो वो नये लोग करते हैं, देसी तमंचे लेकर, छत पर चढकर. उनकी तमीज ही क्या. ये तो रस्म है."

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचा थोरला जावई बसला होता. तेलीबागेत राहतो, बँकेत अधिकारी आहे, वजनदार आणि शांत माणूस. व्याह्यांनी त्याच्याकडे हात केला. "इनकी झपक गयी थी. पूरी बारात ने देखा."

"झपकी कहाँ थी, पापाजी," जावई म्हणाला, "मैं तो बैठ ही गया था."

सगळे हसले. जावईही हसला. वर्षानुवर्षं तेच वाक्य त्याच जागी म्हणणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. घरात हा विनोद चहाबरोबर दिला जात असणार.

पण व्याह्यांचं दुःख निराळं होतं. जावयाच्या लग्नात टोपी वाजली ती नुसती चट्‌ अशी. त्याआधी व्याह्यांच्या दोन बहिणींच्या लग्नांत त्यांच्या वडिलांनी चाप ओढला होता, तेव्हाही आवाज दबकाच आला होता. लांबच्या पाहुण्यांना ऐकूच गेलं नाही. कुणीतरी मागून विचारलं होतं, झालं का? ही गोष्ट त्यांना अजून टोचत होती. बंदूक आतून घाण झाली आहे, म्हणून आवाज मेला आहे, असं त्यांचं निदान होतं. धाकट्या मुलीच्या लग्नात आवाज कोठीच्या इभ्रतीला शोभेसा निघाला पाहिजे.

"आप तो केमिकल के आदमी हैं," ते म्हणाले. "बताइए, किस चीज से धोयी जाए?"

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "माझ्या मुलावर बंदूक रोखणार, आणि मी हातात ताट घेऊन उभी राहणार?"

"अरे आई, फॉर्मॅलिटी है यार," मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला. मराठी त्याला सगळं कळतं, पण त्याची उत्तरं हिंदीतच येतात. "खाली है. दो सेकंड की बात है. मैं नहीं झपकाऊँगा."

"अरे, प्रश्न पापणीचा आहे का?"

"तो किसका है?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

मी म्हटलं, मला फक्त साफ कशाने करायची एवढंच विचारलंय. हे उत्तर तिला आवडलं नाही. मलाही फारसं आवडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी त्या रिवाजाला मनातल्या मनात हसत होतो आणि माझ्या डोक्यात विरघळवण्याचा विचार आधीच सुरू झाला होता. फुशारकीला हसण्यात एक तोटा असतो. ती धोक्याचीही असू शकते, हे लक्षात यायला वेळ लागतो.

प्रश्न रसायनाचा म्हणून मात्र सुंदर होता. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली की मागे राहतो तो मुख्यतः क्षार. क्षार पाण्यात जातो, पेट्रोलमध्ये नाही. आजकालच्या बंदुकांसाठी जी महागडी द्रावणं मिळतात ती निराळ्या, बिनधुराच्या दारूसाठी. ती काळ्या दारूच्या मळावर घातली तर मळ विरघळत नाही, डांबरासारखा चिवट होतो. ठासणीच्या बंदुकीला सगळ्यांत चांगलं म्हणजे कढत पाणी आणि साबण. मग कोरडं फडकं, मग तेलाचा पुसटसा हात. जगातलं सगळ्यांत स्वस्त उत्तर. हे त्या दिवाणखान्यात सांगायचं कसं, हीच काय ती अडचण होती.

बोंडीचा प्रश्न वेगळा होता. दरवर्षी दसऱ्याला तिथे मोहरीच्या तेलाची धार सोडतात, हे मला होणाऱ्या सुनेने फोनवर सांगितलं. मोहरीचं तेल साचून राहिलं की वाळतं आणि वार्निशसारखं घट्ट होतं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या किटलीला बाहेरून जो चिकट थर बसतो, तोच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीने बोंडीचं भोक बुजलं असणार, आणि म्हणून टोपी बाहेरच्या बाहेर चट्‌ करून गप्प बसत असणार. या निदानावर मी खूष होतो. निदान बरोबरही होतं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही मलिहाबादला गेलो. अंगणात खाटेवर जुनी चादर अंथरून बंदूक ठेवली होती, एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला उन्हात बसवावं तशी. शेजारी स्टुलावर बाटल्या. रॉकेल, टर्पेंटाइन, कॅनडातल्या भाच्याने पाठवलेली केळ्याच्या वासाची एक निळी बाटली, आणि कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा, लांब नळीसकट. व्याही कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. त्यांच्या हातात टोप्यांची नवी डबी होती.

"हमारी राय में तो ये," त्यांनी फवारा उचलला. "मेकॅनिक बता रहा था, इंजन का सारा कचरा एक मिनट में गला देता है. इधर टोपी वाली जगह नली लगाओ, दबाओ, रास्ता साफ. न गज डालना, न रगडना. फिर एक टोपी बजाकर देख लेंगे."

रसायन म्हणून त्यांची निवड चूक नव्हती. त्या फवाऱ्याने मोहरीचं वार्निश सुटलंच असतं.

मी म्हटलं, "नहीं. पानी."

"जी?"

"गरम पानी. साबुन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या परदादांना सार्वजनिक नळावर आंघोळ घालायला सांगितलं होतं. लोखंडाला पाणी? गंज चढेल. चारचौघांत कळलं तर लोक काय म्हणतील, कोठीची बंदूक धोब्यासारखी धुतली? भाचा एवढी कॅनडाहून बाटली पाठवतो, ती काय दाखवायला? मी त्यांना क्षारांचं सांगितलं. इथलं बोअरिंगचं पाणी जड आहे म्हणून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन घेऊन आलो होतो, तो दाखवला. त्याने त्यांना आणखीच वाईट वाटलं.

"बैटरी का पानी," ते थोरल्या जावयाला म्हणाले. जावई जमिनीकडे पाहत राहिला.

इकडे मुलाकडच्यांचा शब्द मोडत नाहीत. मुलाच्या बापाला पहिली खुर्ची, पहिलं पान, पहिला पंखा. या प्रकाराची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्या सकाळी मात्र मी खुर्चीत मागे रेलून शक्य तितक्या जड आवाजात म्हटलं, "लडकेवालों की इतनी सी बात भी नहीं रखेंगे आप?"

व्याह्यांनी फवारा खाली ठेवला. घरातून पाणी कढत ठेवल्याचा आवाज आला. आपण ज्याला हसतो ते किती पटकन कामाला येतं, याचा मला थोडा संकोच वाटला, पण फार नाही.

बोंडी पाना लावून निघते का पाहिलं. ती तेलाने जाम झाली होती. मग मी नळीच्या तोंडातून पाणी ओतायला घेतलं. जावयाने दस्ता धरला होता. मुलगा मोबाईलवर चित्रण करत होता. त्याने मधेच वाकून मोबाईलचा दिवा नळीच्या तोंडाशी धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

"कुछ दिख ही नहीं रहा. पूरी काली है."

"हट, पाणी सांडेल," मी म्हटलं. मला फक्त पाणी सांडायची काळजी होती.

पाणी माझ्या अंदाजापेक्षा लवकर काठाला आलं. मला वाटलं, अंदाज चुकला. ते ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. बाहेर आलेलं पाणी नुसतं तांबूस होतं, काळं नव्हतं. तेही मला जरा विचित्र वाटलं. मग जावयाने गजाला फडकं गुंडाळून आत घातलं. गज सरसर गेला आणि टक्‌ करून थांबला.

"बस, पहुँच गया," व्याही म्हणाले.

गजाचं टोक नळीबाहेर बरंच राहिलं होतं. मी विचारलं, "इतना बाहर?"

"हमेशा इतना ही रहता है," व्याही म्हणाले. "अव्वल से. हर दशहरे पर गज डालते हैं न, कपडा फिराने को."

मी जावयाला म्हटलं, गज जिथे नळीच्या तोंडाशी आहे तिथे बोटाने धर आणि तसाच बाहेर काढ. त्याने काढला. मी तो गज नळीला बाहेरून समांतर लावला, बोट नळीच्या तोंडाशी ठेवून. दुसरं टोक बोंडीपर्यंत पोचायला हवं होतं. ते अलीकडेच संपलं. मधे चार बोटं जागा उरली.

आधी मनात आलं ते अगदी घरगुती होतं. कुंभारमाशीने मातीचं घर केलं असेल. गंजाचा गोळा असेल. चिंधी अडकली असेल. मी तोंडाने या तिन्ही गोष्टी म्हटल्याही. पण माझे हात ती चार बोटं पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि ती चारच भरत होती. ठासलेली दारू आणि तिच्यावर गोळी, यांना साधारण एवढीच जागा लागते.

"बाजू हो," मी मुलाला म्हटलं.

"क्या हुआ?"

"बाजू हो म्हटलं ना! समोरून बाजू हो!"

तो इतक्या वर्षांत माझ्या या आवाजाला सरावलेला नव्हता. मोबाईल तसाच चालू ठेवून तो भिंतीला जाऊन टेकला. मी बायकोला हाक मारली आणि टोप्यांची डबी तिच्या हातात दिली. "ही आत ने. लांब ने. चुलीजवळ नको." ती माझ्या तोंडाकडे पाहून गेली.

व्याही अजून हसत होते. "अरे डॉक्टर साहब, आप भी. खाली है. हमने खुद अपने हाथ से..."

ते तिथेच थांबले. वाक्य पुढे कुठे जातं हे त्यांना दिसलं असावं.

नळीचं तोंड रेतीच्या ढिगाकडे केलं. बोंडीवर ओलं फडकं गच्च गुंडाळलं, घोडा खाली आहे ना ते पुन्हा पाहिलं, आणि नळी पाण्याने भरून ठेवली. मी म्हटलं, आता भिजू दे. तेवढ्यात आतून ताटं आली. लखनौच्या बाजूला पाहुणे घरात असले की ताटं काही झालं तरी येतात. कुणी जेवलं नाही. जावई ताटासमोर बसून पुरी बारीक बारीक तोडत होता आणि एकही तुकडा तोंडात घालत नव्हता.

मग काम त्यानेच केलं. मी नको म्हटलं होतं, पण तो म्हणाला, "मुझे करने दीजिए." गजाच्या दुसऱ्या टोकाला मळसूत्र होतं. ते आत घालून त्याने सावकाश फिरवलं. काहीतरी मऊ, जड असं त्यात रुतलं. त्याने दोन्ही पाय खाटेच्या लाकडाला लावून ओढलं. बाहेर आलं ते काळपट कातडं होतं, मेण चोपडलेलं, आणि त्याच्या आत शिशाची गोळी. मोठ्या जांभळाएवढी. एका बाजूला मळसूत्राची ताजी चकचकीत जखम.

ती त्याच्या तळहातावर होती. बागेत पोपट ओरडत होते, आणि मला आठवतं, मला त्यांचा राग आला.

नळी तिरकी करून जावयाने ती मागून हळू थोपटली. जुन्या वर्तमानपत्रावर दाणे पडले. मी ओल्या चिखलाची अपेक्षा करत होतो. दाणे कोरडे होते, काळे आणि चकचकीत. मेणाच्या कातड्याने पाण्याला आत येऊ दिलं नव्हतं. मागून मोहरीच्या तेलाचं बूच, पुढून मेणाचं. मधे दारू निवांत होती, बरणीतल्या लोणच्यासारखी.

"दादाजी के जमाने में डाके पडते थे," व्याही म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "भरके रखते होंगे. किसी को बताया नहीं होगा." थोड्या वेळाने म्हणाले, "इतनी पुरानी है. मर गयी होगी."

मी म्हणणार होतो, सोरा मरत नाही. जावयाने आधीच एक चिमूट उचलून लांब, अंगणातल्या फरशीवर ठेवली होती. तो व्याह्यांच्या खिशातली काडीपेटी मागायला आला. व्याह्यांनी ती दिली. न देण्याचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. त्याने काडी लांबून टेकवली.

फस्स. पांढरा लोट, गंधकाचा वास, फरशीवर काळा डाग. सगळं एका श्वासात.

मी खाटेवर बसलो, बंदुकीशेजारी, आणि तिला स्पर्श झाला म्हणून पुन्हा उठलो. मुलीच्या दोन आत्यांचे नवरे आणि हा समोरचा माणूस. तिघांच्या छातीवर ही भरलेली बंदूक रोखून तीन वेळा चाप ओढला गेला होता. टोपी तिन्ही वेळा वाजली होती. ठिणगी आणि दारू यांच्यामध्ये होता तो फक्त वाळलेल्या तेलाचा मळ. ज्या मळामुळे आवाज इभ्रतीला शोभत नव्हता, तोच मळ. आणि तो काढायला मला बोलावलं होतं. मी फवाऱ्याला हो म्हटलं असतं तर तो मळ एका मिनिटात गेला असता, व्याह्यांनी तिथेच अंगणात एक टोपी वाजवून पाहिली असती, कोण समोर उभं होतं देव जाणे. किंवा पाहिली नसती. मग कमानीखाली माझा मुलगा उभा राहिला असता, पापणी न लववता.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मोबाईल त्याने केव्हाच खाली केला होता. "बाबा," तो म्हणाला, मराठीत, "मी आत बघत होतो."



व्याही उठले. त्यांनी कुर्ता झटकला, का कोण जाणे, आणि अंगण ओलांडून दाराच्या कमानीखाली जाऊन उभे राहिले. जावयांना जिथे उभं करतात त्याच जागी. दोन्ही हात बाजूला सोडले.

"उठाइए," ते जावयाला म्हणाले. "अब तो खाली है. उठाइए और चलाइए."

"पापाजी, छोडिए."

"हम कह रहे हैं, चलाइए."

जावयाने बंदुकीकडे पाहिलं. तो वजनदार माणूस लहान दिसत होता. "मुझसे नहीं होगा, पापाजी."

"हमसे तो हो गया था," व्याही म्हणाले.

थोरली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, किती वेळापासून ते माहीत नाही. ती आली, नवऱ्याच्या हातातली गोळी घेतली, पाहिली, परत ठेवली. वडिलांकडे गेली नाही. नवऱ्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरून उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिने त्याला इतकंच विचारलं, "तुम बैठ क्यों गये थे उस दिन?"

"पता नहीं," तो म्हणाला. "डर लगा था."

उरलेली दारू मी बादलीभर पाण्यात ओतून बागेच्या कडेला जिरवली. बंदूक मग मी कढत पाण्याने धुतली, साबणाने, तीन पाण्यांनी. कुणी हरकत घेतली नाही. कॅनडाची बाटली कुणीतरी आत नेली.

आमच्या घरी लग्न मोडायचं की काय, यावर एकदाच बोलणं झालं. बायको म्हणाली, "मुलीचा काय दोष? आणि त्या माणसाकडे बघवत नाही." मुलगा म्हणाला, लग्न तर करणारच. मग थांबून म्हणाला, पण कमानीखाली उभा राहणार नाही. मी त्याला सांगितलं, उभं राहावं लागणार नाही, बंदूक कपाटात कुलूपबंद आहे, आणि किल्ली थोरल्या जावयाकडे आहे. हे व्याह्यांनीच फोन करून कळवलं होतं.

लग्नाच्या संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या पाहुण्यांत पोचली होती, आणि वाटेत तिने फेटा बांधला होता. वरात निघायच्या आधी चाटच्या टेबलाजवळ एक दूरचे काका मला सांगत होते, मी कोण आहे हे न ओळखता: "अरे साहब, खानदानी बंदूक है. भरी हुई थी, तीन बार चली, मगर घर के दामाद को पहचानती है. नहीं छूटी!" दोघा-तिघांनी कौतुकाने माना हलवल्या. ज्याला आपण घाबरून उठलो, त्याची चार दिवसांत दंतकथा झालेली पाहणं, हा माझ्यासाठी त्या चार दिवसांतला शेवटचा धक्का असेल, असं मला वाटलं.

वरात दारात आली. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते या घरच्या लग्नांत आधी वाजवून गेलेले, त्यांना रिवाज माहीत. त्यांच्या म्होरक्याने हात वर केला आणि बँड थांबला. एकदम शांतता. पाचशे-सहाशे माणसं, झगमगते दिवे, घोडीच्या लगामाची किणकिण, आणि सगळे आवाजाची वाट पाहत असलेले. मुलगा घोडीवरून उतरला होता. त्याला पुढे यायचं होतं, आणि पुढे कमान होती. तो आला. मी त्याच्या मागे होतो. त्याची मान ताठ होती, पण शेरवानीच्या कॉलरवर घामाचा ओघळ मला दिसत होता.

समोर व्याही ओवाळणीचं ताट घेऊन उभे. नुसते उभे. एवढी वर्षं ज्या क्षणी त्यांच्या घरात काय करायचं हे ठरलेलं होतं, त्या क्षणी त्यांच्याकडे करायला काही नव्हतं. त्यांनी ताट शेजारी उभ्या थोरल्या जावयाच्या हातात दिलं. मग उजवा हात पुढे करून माझ्या मुलाच्या छातीवर ठेवला, सपाट, बोटं पसरून, आणि तो काढलाच नाही. पुरोहित खाकरले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

बँडवाला हात वर करून वाट पाहत होता. त्याला वाजव म्हणायचं काम मुलीकडच्यांचं. पण त्यांच्यातलं कुणी हलेना. शेवटी मीच ओरडलो, आणि घाईत मराठीतच ओरडलो, "वाजवा! अरे, वाजवा ना!"

त्याला ते समजलं.